वृद्धांचे पडणे व त्याचा प्रतिबंध

चालताना, उभे असताना किंवा बसल्या जागेवरून उठताना तोल जाऊन नकळत जमिनीवर येणे, याला वृद्धवैद्यकात ‘पडणे’ म्हणतात. इजा झाली नाही तरी ते पडणेच. पासष्टी ओलांडलेल्या दर तिघांपैकी साधारण एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. वृद्धनिवासांत हे प्रमाण निम्म्याच्या घरात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडून दगावतात, आणि त्यांत साठीपुढच्यांचा वाटा सर्वांत मोठा असतो.

‘वय झालं, पाय घसरला’ एवढ्यावर हा विषय बहुधा मिटवला जातो. पण घसरणे हे नुसते निमित्त असते. मांड्यांचे स्नायू झिजलेले, तळपायांची जाणीव मंदावलेली, डोळ्यांत मोतीबिंदू आणि पोटात झोपेची गोळी, एवढे जुळून आले की पायपुसण्याची दुमडलेली कडही पुरते. काहींचा रक्तदाब उभे राहताच उतरतो. तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला, तर ती नोंद घेण्याजोगी बाब आहे. अशा माणसाला पहाटे लघवीसाठी घाईने उठताना अंधारी येते, आणि घरचे दोष देतात फरशीला.

धोका ओळखायला यंत्र लागत नाही. गेल्या वर्षभरात पडलात का, हा पहिला प्रश्न. मग खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळायचे आणि परत येऊन बसायचे. याला १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पुढची तपासणी करावी. चालता चालता कोणी बोलले की उत्तर द्यायला थांबणारा माणूस, हीदेखील सूचक खूण आहे.

उपायांत सर्वांत भक्कम पुरावा व्यायामाचा आहे. २०१९ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या संस्थेने व्यायामावरील १०८ चाचण्यांचा आढावा घेतला. आपल्या घरी राहणाऱ्या वृद्धांमध्ये व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसले. मात्र नुसते फिरणे पुरत नाही. आधाराजवळ एका पायावर उभे राहणे, टाचेला बोटे लावून चालणे, हात न टेकता खुर्चीतून उठणे असे तोल आणि ताकद दोन्हींना कस लावणारे प्रकार हवेत, आणि तेही महिनोन्‌महिने. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात तयार झालेला घरगुती व्यायामक्रम याच तत्त्वावर आहे.

औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवणे हे दुसरे मोठे काम. झोपेच्या, चिंतेच्या, नैराश्याच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांकडे आधी पाहावे, पण त्या परस्पर बंद करू नयेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबवू नये. जिना उतरताना दुहेरी भिंगाचा चष्मा पायरी धूसर दाखवतो, हे फारसे कोणी सांगत नाही. घरातले बदल तुलनेने सोपे आहेत: न्हाणीघरात व शौचालयात भक्कम दांडी, पलंगापासून तिथपर्यंत रात्रीचा दिवा, टाच झाकणारे पादत्राण.

वृद्धनिवासांत काळजीपोटीच एक चूक होते. पडू नये म्हणून माणसाला बसवून ठेवतात, पलंगाला कठडे लावतात, क्वचित बांधतातही. बसवल्याने उरलासुरला जोर ओसरतो. कठडा ओलांडू पाहणारा अधिक उंचीवरून पडतो. बहुतेकांना उठायचे असते ते शौचाला, म्हणून ठरावीक वेळी स्वतःहून विचारून नेणे अधिक उपयोगी ठरते. ज्यांचे पडणे टाळता येत नाही, त्यांच्यासाठी कमी उंचीचा पलंग आणि खुब्यावर गादीचे संरक्षक हे पर्याय आहेत.

पडलेल्याला बखोटीला धरून उचलू नये. खुबा दुखत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर हलवू नये. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला असेल, तर तो बरा दिसला तरी दवाखान्यात न्यावे. तासाभराहून अधिक काळ जमिनीवर पडून राहिल्यास स्नायूंची हानी होते, मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हणून इजा नसेल तर कुशीवर वळणे, रांगत खुर्चीपर्यंत जाणे, हात टेकून एक गुडघा उभा करणे आणि उठणे, हा क्रम पडण्याआधीच शिकवून ठेवतात. एकट्या राहणाऱ्यांना तर आवर्जून.