दहा नंबर गेल्यावर चेंडू कुठून जातो?

८ जुलै २०१४, बेलो होरिझॉन्टी. फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य सामन्याआधी ब्राझीलचं राष्ट्रगीत चालू होतं आणि डेव्हिड लुईझ व गोलरक्षक ज्युलिओ सीझर यांनी नेमारची जर्सी हातात धरली होती. नेमार स्वतः नव्हता. चारच दिवसांपूर्वी कोलंबियाविरुद्ध पाठीत गुडघा बसून त्याच्या मणक्याला फ्रॅक्चर झालं होतं. प्रशिक्षक स्कोलारी यांनी त्याच्याऐवजी बर्नार्ड या चपळ विंगरला, म्हणजे कडेने खेळणाऱ्या आघाडीवीराला, उतरवलं आणि आघाडीची मांडणी फारशी हलवली नाही. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. २९व्या मिनिटाला जर्मनी ५-०ने पुढे होती, त्यातले चार गोल सहा मिनिटांत झालेले, आणि शेवट १-७.

सात गोल खाल्ले ते बचावाने, आणि कर्णधार थियागो सिल्वाही निलंबनामुळे बाहेर होता. तेव्हा सगळं खापर नेमारच्या दुखापतीवर फोडण्यात अर्थ नाही. पण ब्राझीलने त्या दिवशी जे केलं, ते अशा प्रसंगी बरेच संघ करतात: माणूस बदलतात आणि त्याच्यापर्यंत चेंडू जायची वाट तीच ठेवतात. माझ्या मते खरी चूक तिथे असते. संघातून एक खेळाडू जातो तेव्हा चार-पाच वेगवेगळी कामं एकदम रिकामी होतात, आणि ती सगळी करणारा दुसरा एकच माणूस मिळण्याची शक्यता फार कमी असते.

ही कामं कोणती? गोल आणि असिस्ट (गोलआधीचा शेवटचा पास) आकडेवारीत दिसतात. कॉर्नर आणि फ्री किक कोण घेतो तेही दिसतं. जे दिसत नाही, ते जास्त महाग असतं.

एक क्षण जवळून पाहू. प्रतिस्पर्ध्याची मधली फळी आणि बचावफळी यांच्यात साधारण दहा-पंधरा मीटरची पट्टी असते. सर्जनशील आघाडीवीर, ज्याला फुटबॉलमध्ये ‘दहा नंबर’ म्हणतात, त्या पट्टीत उभा आहे, आणि वीस मीटर मागून त्याच्याकडे पास येतोय. चेंडूचा वेग सेकंदाला १५ मीटर धरला, तर तो पोहोचायला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागेल. तेवढ्यात सेकंदाला ६ मीटर धावणारा बचावपटू आठ मीटर अंतर कापतो. म्हणजे पास निघाला तेव्हा बचावपटू आठ मीटर दूर असेल, तर चेंडू आणि तो एकाच वेळी पोहोचतील. साधा खेळाडू चेंडू थांबवतो, मग वळतो, मग बघतो. त्यात अर्धा सेकंद गेला की बचावपटूला आणखी तीन मीटर मिळाले आणि खेळ संपला. चेंडू परत मागे. चांगला दहा नंबर पास निघण्याआधीच खांद्यावरून मागे पाहून घेतो, शरीर अर्धवट वळवून ठेवतो आणि पहिल्याच स्पर्शात गोलच्या दिशेला तोंड करतो. त्याचं सगळं मोल या अर्ध्या सेकंदात आहे.

याच्याही पलीकडे एक काम आहे, आणि त्यात तो चेंडूला हातच, म्हणजे पायच, लावत नाही. तो नुसता उभा राहिला तरी दोन बचावपटू त्याच्याकडे ओढले जातात आणि दुसऱ्या कुणाला तरी मोकळी जागा मिळते. हे मोजायला आता साधनं आहेत. कॅमेरे प्रत्येक खेळाडूची जागा सेकंदाला अनेकदा टिपतात, आणि मैदानाच्या कुठल्या बिंदूवर चेंडू पडला तर कोण आधी पोहोचेल याची संभाव्यता काढून पूर्ण मैदानाचा नकाशा रंगवता येतो. विश्लेषक याला पिच कंट्रोल म्हणतात. या कामात भौतिकशास्त्रज्ञ बरेच आहेत. सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या संशोधनातून आलेले विल्यम स्पिअरमन २०१८ मध्ये लिव्हरपूलच्या विश्लेषण विभागात गेले. या नकाशात आघाडीवीर काढून टाकला की फक्त त्याची जागा पांढरी पडत नाही, शेजारच्या विंगरची जागाही आक्रसते. सामन्यानंतर लोक त्या विंगरला शिव्या घालतात, ही गोष्ट वेगळी.

दुसरं साधन म्हणजे पासचं जाळं. अकरा खेळाडू हे अकरा बिंदू, आणि कोणी कोणाला किती पास दिले ते त्यांना जोडणाऱ्या रेषा. २०१० मध्ये जोर्डी डच, जोशुआ वेट्झमन आणि लुईस अमराल यांनी २००८च्या युरो स्पर्धेचे सामने असे मांडून दाखवले. गोलच्या फटक्यापर्यंत जाणाऱ्या वाटांपैकी किती वाटा एखाद्या खेळाडूमधून जातात, यावर त्यांनी त्याचं महत्त्व ठरवलं. सर्जनशील खेळाडू अशा जाळ्यात लगेच ओळखू येतो, कारण सगळ्या जाड रेषा त्याच्यापाशी येऊन मिळतात.

पण जाड रेषा एकाच जागी मिळणं चांगलं की वाईट? थॉमस ग्रुंड या समाजशास्त्रज्ञाने इंग्लिश प्रीमियर लीगचे ७६० सामने आणि सुमारे २ लाख ८० हजार पास तपासून २०१२ मध्ये याचं उत्तर प्रसिद्ध केलं. जास्त पास खेळणारे संघ जास्त गोल करतात, हे अपेक्षितच होतं. शिवाय खेळ एक-दोन खेळाडूंभोवती जितका एकवटलेला, तितकी संघाची कामगिरी खालावलेली दिसली. यावरून ‘हुकमी एक्का विकून टाका’ असा निष्कर्ष काढायची गरज नाही. प्रतिभावान खेळाडूकडे चेंडू जास्त जाणारच. पण त्याच्यावर विसंबण्याचीही काही किंमत असते, आणि तो असेपर्यंत ती दिसत नाही.

याचं कारण समजायला रस्त्यांचं एक जुनं कोडं उपयोगी पडतं. १९६८ मध्ये डीट्रिश ब्रेस या जर्मन गणितज्ञाने दाखवलं की रस्त्यांच्या जाळ्यात एक नवा जलद रस्ता टाकला तर कधीकधी सगळ्यांचाच प्रवास लांबतो. प्रत्येक जण तोच धरतो आणि कोंडी होते. तो रस्ता बंद केला की गाड्या विभागल्या जातात आणि सरासरी वेळ कमी होतो. ब्रायन स्किनर या भौतिकशास्त्रज्ञाने २०१० मध्ये हेच गणित बास्केटबॉलला लावलं. सर्वोत्तम खेळाडूचा फटका प्रत्येक वेळी उत्तम पर्याय वाटतो, पण तो जितका वापरावा तितका बचाव त्याच्यावर बसतो आणि त्याचं यश घटत जातं. तो नसताना संघ कधीकधी जास्त चांगला का खेळतो, याचं एक स्पष्टीकरण इथे मिळतं.

कधीकधी. हा शब्द महत्त्वाचा, कारण उलट उदाहरणं भरपूर आहेत. २०१३-१४ च्या मोसमात लिव्हरपूलने लीगमध्ये १०१ गोल केले. त्यातले ३१ एकट्या लुईस सुआरेझचे, आणि तेही एकाही पेनल्टीविना. उन्हाळ्यात तो बार्सिलोनाला गेला. पुढच्या मोसमात लिव्हरपूलचे गोल झाले ५२. जवळजवळ निम्मे. खाल्लेले गोल मात्र ५० वरून ४८, म्हणजे होते तिथेच. डॅनियल स्टरिज दुखापतींमुळे बहुतेक काळ बाहेर राहिला, हा दुर्दैवाचा भाग. पण सुआरेझ चेंडू गमावल्या क्षणी बचावपटूंच्या अंगावर धावून जायचा, आणि त्या दबावावर मागची सगळी यंत्रणा उभी होती. त्याच्यानंतर आणलेला मारिओ बालोटेली त्या घडणीचा खेळाडू नव्हता. लीगमध्ये त्याचा वर्षभरात एक गोल. गोल करणारा गेला म्हणून गोल करणारा आणला, दबावाचं काम कुणाच्या खात्यावर टाकलंच नाही.

त्याच क्लबने चार वर्षांनी हाच पेपर पुन्हा दिला. जानेवारी २०१८ मध्ये फिलिप कुटिन्यो बार्सिलोनाला विकला गेला. दोन फळ्यांमधली जागा, लांबून फटके, फ्री किक, शेवटचा पास, सगळं तो करायचा. प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांनी दुसरा कुटिन्यो शोधलाच नाही. रॉबर्टो फर्मिनो हा नावाला सेंटर फॉरवर्ड. तो आणखी मागे येऊन दोन फळ्यांच्या मधल्या पट्टीत चेंडू घेऊ लागला, आणि त्याच्या मागे निघालेल्या सेंटर-बॅकच्या (बचावफळीतल्या मधल्या खेळाडूच्या) रिकाम्या जागेत सलाह आणि माने आत घुसू लागले. मधल्या फळीत हेंडरसन, वायनाल्डम, मिल्नर असे कष्टाळू, सुरक्षित खेळणारे आले. मग शेवटचा पास देणार कोण? तो मैदानाच्या कडेला गेला. २०१८-१९ मध्ये लीगमध्ये राइट-बॅक ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्डचे १२ असिस्ट होते आणि लेफ्ट-बॅक अँडी रॉबर्टसनचे ११.

हे दोघे फुल-बॅक, म्हणजे कडेचे बचावपटू. फुल-बॅकच का? कारण बचाव करणारा संघ मधली पट्टी आधी बुजवतो आणि कडा शेवटी. कुटिन्योला चेंडू मिळायचा तिथे पाठीला माणूस चिकटलेला असायचा. फुल-बॅकला मिळतो तिथे मान वर करून बघायला एक-दीड सेकंद असतो. प्रतिभा थोडी कमी असली तरी वेळ जास्त, आणि पास देणाऱ्याला वेळेसारखी दुसरी मदत नाही.

याची किंमतही होती. दोन्ही फुल-बॅक पुढे गेले की त्यांच्या मागे मोठी मोकळी जागा पडते. ती भरायला व्हर्जिल व्हॅन डाइक, जो त्याच जानेवारीत आला होता, आणि उन्हाळ्यात आलेला गोलरक्षक अ‍ॅलिसन. सर्जनशील खेळाडू गेल्यावर सेंटर-बॅक आणि गोलरक्षक घ्यायचे, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यांच्याशिवाय फुल-बॅकना पुढे पाठवताच आलं नसतं. लिव्हरपूलचे गोल ८४ वरून ८९ झाले. खाल्लेले ३८ वरून २२. ७ मे २०१९ रोजी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत बार्सिलोना ३-० ची आघाडी घेऊन अ‍ॅनफिल्डवर आली, तेव्हा कुटिन्यो त्यांच्या बाजूने खेळत होता, आणि लिव्हरपूलकडे सलाह आणि फर्मिनो दोघेही दुखापतींमुळे नव्हते. लिव्हरपूल ४-० जिंकलं. चौथा गोल अलेक्झांडर-अर्नोल्डने बचाव बेसावध असताना पटकन घेतलेल्या कॉर्नरवर ओरिगीने मारला.

राष्ट्रीय संघांना खरेदी करता येत नाही, त्यामुळे तिथे फेरमांडणी आणखी उघडी दिसते. १९६२च्या विश्वचषकात दुसऱ्याच सामन्यात पेलेचा स्नायू दुखावला. तेव्हा बदली खेळाडूची सोय नव्हती. तो लंगडत मैदानावरच राहिला. पुढच्या सामन्यापासून अमारिल्डो आला आणि त्याने स्पेनविरुद्ध दोन गोल केले, हे नेहमी सांगितलं जातं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गारिंचाने आपली उजवी कड सोडून वाटेल तिथे फिरायला सुरुवात केली. उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामन्यात त्याचे दोन-दोन गोल. आणि झगालो डावीकडून मागे येऊन मधल्या फळीत तिसरा माणूस बनत होता, म्हणून गारिंचाची ही भटकंती संघाला परवडली. ब्राझीलने विश्वचषक राखला.

२०१६च्या युरो अंतिम सामन्यात पोर्तुगालला इतकी उसंतही मिळाली नाही. २५व्या मिनिटाला रोनाल्डो बाहेर. प्रशिक्षक फर्नांडो सांतोस यांनी क्वारेझ्माला आणून मधली फळी रुंद केली, नानीला एकट्याला पुढे ठेवलं आणि सामना चक्क मंदावला. हे शक्य झालं कारण तो संघ आधीपासूनच गोल न खाण्यावर बांधलेला होता: बाद फेरीच्या चार सामन्यांत त्यांनी एकच गोल खाल्ला. जादा वेळेत, १०९व्या मिनिटाला, बदली खेळाडू एडरने लांबून गोल मारला. सुंदर फुटबॉल होतं असं मी म्हणणार नाही.

फ्रान्सने २०२२ मध्ये वेगळी युक्ती केली. पोग्बा, कांटे आणि ऐन वेळी बेंझेमा गळाल्यावर ग्रीझमन या आघाडीवीरालाच मधल्या फळीत खेचून पास देण्याचं काम दिलं, आणि संघ अंतिम फेरीपर्यंत गेला.

कागदावर हे सोपं दिसतं. सरावात वेळ का लागतो, ते ऑफसाइडच्या रेषेवर कळतं: पास निघण्याआधीच बचावफळीच्या मागे पोहोचलेला खेळाडू ऑफसाइड ठरतो. सेकंदाला ८ मीटर धावणारा विंगर आणि ०.३ सेकंद उशिरा निघालेला पास: विंगर जवळजवळ अडीच मीटर ऑफसाइड. जुन्या दहा नंबरचा पाय कधी हलणार हे विंगरला न बघता कळत होतं. नवा पास देणारा कदाचित तितकाच हुशार असेल, पण त्याची लय वेगळी आहे. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत ऑफसाइड वाढले, तर विंगरचा वेंधळेपणा समजायची घाई करू नये.

निकालांवरून निवाडा करायचीही घाई नको. समजा संघाची सरासरी सामन्याला १.८ गोलवरून १.४ वर घसरली. ही मोठी घसरण आहे. एकही गोल न होण्याची शक्यता त्याने १७ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर जाते. पण पाच सामन्यांत फरक पडतो तो दोन गोलांचा, आणि पाच सामन्यांच्या बेरजेत नुसत्या योगायोगाने तीन गोल इकडे-तिकडे सहज होतात. पाच सामन्यांनंतर ‘त्याच्यावाचून काही अडत नाही’ म्हणणारे आणि ‘संघ संपला’ म्हणणारे, दोघेही नाणेफेकीवर बोलत असतात.

त्यापेक्षा चेंडू हिसकावल्यावर पहिला पुढचा पास कुणाला जातो ते बघावं. तीन-चार वेगवेगळी नावं येऊ लागली, तर जाळं नव्याने विणलं जातंय. आणि प्रतिस्पर्ध्याच्या मधल्या फळीतला जो खेळाडू पूर्वी दहा नंबरला सोडायचा नाही, तो आता कुठे उभा राहतो तेही बघावं. तो अजून मागेच अडकून असेल, तर मधल्या पट्टीत त्याला धाक वाटेल असं कुणीतरी उभं आहे. तो बिनधास्त पुढे सरकून सेंटर-बॅकच्या अंगावर येऊ लागला असेल, तर रिकामी झालेली कामं अजून रिकामीच आहेत.