६५ वॉटचा चार्जर असताना रास्पबेरी पायला वेगळा अ‍ॅडॉप्टर कशाला?

रास्पबेरी पाय ५ हा एकाच छोट्या बोर्डावरचा संगणक घेताना नवखा माणूस पहिली काटकसर करतो ती अ‍ॅडॉप्टरवर. घरात टाइप-सीचा ६५ वॉटचा चार्जर असतोच, पायचा अ‍ॅडॉप्टर तर २७ वॉटचाच. मग पुन्हा पैसे का घाला? पिन बसते, दिवा लागतो, डेस्कटॉपही दिसतो. बाहेरची हार्ड डिस्क जोडली की मात्र रडगाणं सुरू होतं.

चार्जरच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचा. साधारण असं छापलेलं असतं: ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, १५ व्होल्ट ३ अँपिअर, २० व्होल्ट ३.२५ अँपिअर. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, आणि ६५ वॉट होतात ते शेवटच्या जोडीचे. लॅपटॉप २० व्होल्ट मागून घेतो, पाय चालतो फक्त ५ व्होल्टवर. म्हणजे त्याच्या वाट्याला १५ वॉट. पाय ५ चा अधिकृत अ‍ॅडॉप्टर ५.१ व्होल्टला ५ अँपिअर देतो. (गंमत म्हणजे तिथेही पायला मिळतात साडेपंचवीसच, २७ चा आकडा ९ व्होल्ट आणि त्यावरच्या जोड्यांचा.) ५ व्होल्टला ५ अँपिअर देणारा फोनचा चार्जर शोधून सापडणं कठीण.

पाय ५ सुरू होतानाच अ‍ॅडॉप्टरची कुवत तपासतो. ५ अँपिअर मिळणार नसतील तर चारही यूएसबी पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअर, मिळणार असतील तर १.६ अँपिअर. म्हणून कीबोर्ड-माउस बिनतक्रार चालतात आणि हार्ड डिस्क मध्येच गायब होते. ही मर्यादा सेटिंगमधून उठवता येते, पण त्याने चार्जरला बळ येत नाही.

दुसरा फरक केबलचा, आणि माझ्या मते जास्त त्रास तोच देतो. केबलचा रोध ०.१ ओहम धरला तरी ३ अँपिअरला ०.३ व्होल्ट वाटेतच जातात. ५ चे ४.७ उरतात. ४.६३ च्या आसपास पाय व्होल्टेज कमी पडल्याची तक्रार करतो. अधिकृत अ‍ॅडॉप्टर ५.१ व्होल्टचा आणि त्याची केबल कायमची जोडलेली असते ती यासाठीच. फोनमध्ये बॅटरी असते, क्षणभर व्होल्टेज घसरलं तर त्याला पत्ताही लागत नाही. पाय मात्र रीस्टार्ट होतो, आणि त्या वेळी पायच्या मेमरी कार्डावर काही लिहिलं जात असेल तर फाइली बिघडतात. मग दोष येतो बिचाऱ्या मेमरी कार्डावर.

पाय ४ ला ३ अँपिअर पुरतात. ५ व्होल्ट ३ अँपिअर छापलेला चांगला चार्जर आणि आखूड, जाड केबल असेल तर त्यावर खुशाल चालवा. मात्र पाय ४ च्या सुरुवातीच्या बोर्डांत टाइप-सी जोडणीची चूक होती. चिप असलेली महागडी केबल लावली तर ते चालूच होत नसत. पुढच्या आवृत्तीत ती सुधारली. जुना बोर्ड सेकंडहँड घेतलात तर साधी केबल वापरून पाहा.

पाय ५ असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचा दुकानदार ‘कोणताही टाइप-सी चालेल’ म्हणाला, तरी अ‍ॅडॉप्टरवर ‘५.१ व्होल्ट ५ अँपिअर’ छापलेलं दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.