द्विध्रुवी नैराश्य : मुलांमधील औषधचाचण्या

द्विध्रुवी (बायपोलर) विकारात, म्हणजे मन कधी नैराश्यात तर कधी उन्मादात (अवाजवी उत्साह व चिडचिडीच्या अवस्थेत) जाते त्या आजारात, नैराश्यावर दिली जाणारी औषधे मुलांना व किशोरांना लागू पडतात का आणि झेपतात का, हे तपासणाऱ्या चाचण्या. नुसते नैराश्यविरोधी औषध दिल्यास या विकाराचे काही रुग्ण उन्मादाकडे झुकतात. त्यामुळे साध्या नैराश्यावरील निष्कर्ष येथे चालत नाहीत. प्रौढांवरचेही जसेच्या तसे लावता येत नाहीत.

मुलांची औषध आणि प्लासिबो (औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी) अशा गटांत यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, विभागणी होते. कोणाला काय मिळाले हे मूल, पालक वा तपासणारे डॉक्टर यांपैकी कोणालाच माहीत नसते. मोजमाप सहसा ‘सीडीआरएस-आर’ या मुलांमधील नैराश्य मोजणाऱ्या श्रेणीवर होते. तिच्यात 17 बाबी असून एकूण गुण 17 ते 113 असतात; गुण जितके जास्त तितके नैराश्य तीव्र. झोप, भूक, शाळेतले लक्ष, मरणाचे विचार अशा चौदा बाबी मुलाशी व पालकांशी बोलून ठरतात. उरलेल्या तिनांसाठी मुलाकडे नुसते पाहायचे असते : चेहरा उतरलेला आहे का, बोलणे संथ आहे का, हालचाल मंदावली आहे का. न बोलणाऱ्या मुलाचे दुःखही त्यामुळे नोंदले जाते.

खरी अडचण प्लासिबोची. क्वेटियापिन या औषधाच्या 2014 साली प्रसिद्ध झालेल्या आठ आठवड्यांच्या चाचणीत औषधाच्या गटाचे गुण सरासरी 29.6 ने उतरले, तर प्लासिबो गटाचे 27.3 ने. त्यामुळे औषधाचा वेगळा परिणाम सिद्ध झाला नाही. अशा निकालावरून औषध निरुपयोगी ठरवण्याची घाई करू नये. चाचणीत मुलाची नियमित विचारपूस होते, घरच्यांचे लक्ष वाढते आणि नैराश्याचा झटका आपोआपही ओसरतो. लुरासिडोन या औषधाच्या सहा आठवड्यांच्या चाचणीत मात्र 10 ते 17 वर्षांच्या मुलांत फरक स्पष्ट दिसला (गुणांतील घट 21 विरुद्ध प्लासिबोची 15.3) आणि 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने त्याला मान्यता दिली. त्याआधी, 2013 मध्ये, ओलान्झापिन-फ्लुऑक्सेटिन या जोडऔषधाला मान्यता मिळाली होती. पण त्याने वजन व रक्तातील चरबी वाढते, आणि वाढत्या वयात हा दोष किरकोळ मानता येत नाही.

भारतात पालकांच्या लेखी संमतीबरोबर मुलाचा होकारही घ्यावा लागतो. आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) हिच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो साधारण सातव्या वर्षापासून तोंडी आणि बारा वर्षांनंतर लेखी असतो. आत्महत्येच्या विचारांची विचारणा प्रत्येक भेटीत होणे अत्यावश्यक आहे.

औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागू शकते, चाचण्या मात्र सहा-आठ आठवड्यांच्या असतात. लुरासिडोनचा पाठपुरावा दोन वर्षे झाला. त्यात सर्वांना औषधच मिळत होते, तुलनेसाठी प्लासिबो गट नव्हता.