डोमकळी ओळखणारी नजर

पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, फुलावर आली की विदर्भातल्या वावरात एखादी जाणती बाई ओळीतून चालता चालता थांबते आणि म्हणते, "इथं डोमकळ्या दिसून राहिल्या." मागून येणाऱ्या नवख्याला तिथं नुसती फुलं दिसलेली असतात. डोमकळी म्हणजे गुलाबी बोंडअळीनं आतून पाकळ्या धाग्यांनी जखडल्यामुळे धड न उमललेलं फूल. डोळे दोघांचेही चांगले आहेत. मग फरक कशाचा?

१९७३ साली अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळपटूंना खऱ्या डावातला पट ५ सेकंद दाखवला आणि आठवेल तसा मांडायला सांगितला. निष्णात खेळाडूनं सुमारे १६ मोहरे बरोबर ठेवले, नवख्यानं सुमारे ४. मग मोहरे पटावर कसेही विखरून दाखवले, तर निष्णाताची आघाडी जवळपास नाहीशीच झाली! त्याची स्मरणशक्ती मुळात मोठी नव्हतीच. असंख्य डाव खेळून ओळखीचे झालेले मोहऱ्यांचे गट तो एका नजरेत टिपत होता. मला ती वावरातली बाई याच खेळाडूच्या पंगतीतली वाटते.

पण नुसती वर्षं सरली म्हणून अशी नजर येत नाही. डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन हे दोन मानसशास्त्रज्ञ तज्ज्ञांच्या अंदाजांवर किती विसंबावं याबद्दल विरुद्ध मतांचे. २००९ साली दोघांनी मिळून लेख लिहिला आणि दोन अटींवर त्यांचं जुळलं: त्या कामात काही नियमितपणा हवा, आणि आपला अंदाज खरा की खोटा हे वेळेवर कळायला हवं.

फुलाच्या बाबतीत दोन्ही अटी पुऱ्या होतात. संशय आला की फूल उकलायचं, निकाल तिथल्या तिथं. कापसाच्या भावाचं तसं नाही. परदेशातलं पीक, सरकीचे दर, डॉलर, आयात-निर्यातीचं धोरण, सगळं दरवर्षी वेगळं. अंदाज खरा ठरला तरी तो कशामुळे ठरला हे कळत नाही. म्हणून तीस वर्षं कापूस विकलेला माणूस "फेब्रुवारीत भाव चढते" म्हणाला, तर त्याचा मान जरूर ठेवावा, पण तेवढ्यावर कापूस घरात भरून ठेवू नये.

२०१७ साली विदर्भानं गुलाबी बोंडअळीचा मोठा फटका सोसला. म्हणून शेतकऱ्यांना वावरातच शिकवणाऱ्या शेतीशाळेत नुसती चित्रं दाखवून भागणार नाही. फूल हातात घेतलं की आधी मोठ्यानं सांगायचं, किडकं की चांगलं, आणि मगच उकलायचं. चांगली वाटलेली फुलंही उकलायची, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नाहीतर नजरेतून काय निसटलं ते कधीच कळत नाही.

बोंडाशी मात्र जाणती नजरही हरते. अळी आत शिरली की तिनं पाडलेलं छिद्र बुजतं आणि बोंड बाहेरून निकोप दिसतं. तिथं अंदाजाचं काम नाही. वावरातून वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं तोडून फोडायची. त्यांतली २ किडकी निघाली, तर फवारणीची वेळ झाली.