जुनी गाडी घेताना आधी साल विचारा

विदर्भाच्या खेड्यापाड्यांत चारचाकीची ओळख झाली ती काळी-पिवळीतून. बाजाराच्या दिवशी तालुक्याला निघालेल्या जीपमध्ये जितके आत कोंबलेले, तितकेच मागे लटकलेले. सीटबेल्टचा विषयच नव्हता. तरी बरेच जण सुखरूप घरी पोचत, कारण खड्ड्यांच्या एकेरी रस्त्यावर गाडी चाळीस-पन्नासच्या वर जातच नसे.

तो रस्ता आता राहिला नाही. जुना सहा नंबरचा हायवे, म्हणजे आजचा राष्ट्रीय महामार्ग ५३, चौपदरी होत गेला. जून २०२२ मध्ये त्यावर अमरावती-अकोला दरम्यान ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि गिनेसमध्ये नोंदले गेले. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्ग नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला. तिथे कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. साठवर जिचा पुढचा भाग चेपला असता, ती गाडी १२० वर ओळखूसुद्धा येत नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ याच समृद्धीवर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. त्या रात्रीने आपल्या भागातल्या कितीतरी घरांना या रस्त्याची धास्ती लावली.

रस्ता झपाट्याने बदलला, गाड्या मात्र सावकाश सुधारल्या. आज आपण लावतो तो तीन टोकांचा पट्टा व्होल्वोच्या नील्स बोलिन यांनी १९५९ मध्ये तयार केला आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. आपल्याकडे मात्र २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या धडकवून पाहिल्या, तेव्हा पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यानंतर नियम हलले. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना आणि ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्याच कारना धडक चाचणी बंधनकारक झाली. २०१९ मध्येच एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा), चालकाची एअरबॅग, पट्ट्याची आठवण देणारा आवाज आणि वेगाचा इशारा सक्तीचे झाले. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या कारमध्ये यायला २०२१ चे वर्ष संपावे लागले.

खेड्यात बहुतेक घरांत पहिली कार येते ती जुनीच, म्हणून ही साले पाठ असलेली बरी. घेणारा किलोमीटर, इंजिन आणि ॲव्हरेज विचारतो. एकाच नावाची २०१६ ची आणि २०२० ची गाडी दिसायला सारखी असते, पण जीव वाचवण्याच्या बाबतीत त्या दोन वेगळ्या गाड्या असू शकतात. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते, ते स्वतः वाचावे. चार पैसे कमी पडत असतील तर गाडी लहान घ्या, पण २०१९ च्या आधीची, एअरबॅग नसलेली बेस मॉडेल घेऊ नका, असे मी कळकळीने सांगेन.

ऑक्टोबर २०२३ मध्ये भारत एनकॅप ही आपल्या देशाची तारे देणारी धडक चाचणी सुरू झाली. मात्र समोरच्या धडकेची ही चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते. पाच तारे आहेत म्हणून १२० वर निर्धास्त राहता येत नाही.

रोही (नीलगाय) आणि रानडुकरांच्या भीतीने आपल्याकडे लोखंडी बंपर गार्ड बसवतात. भीती खरी आहे, पण धडक पचवण्यासाठी ठेवलेला गाडीचा पुढचा भाग त्यामुळे नीट दबत नाही आणि एअरबॅग उघडण्यातही अडथळा येऊ शकतो. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने राज्यांना यावर कारवाई करायला सांगितले होते.

समृद्धीवर दुचाकी आणि तीनचाकींना बंदी आहे. ५३ आणि ४४ (नागपूर-हैदराबाद) नंबरच्या महामार्गांवर मात्र सगळेच असतात. दसरा-दिवाळीनंतर कापसाने फुगलेल्या ट्रॉल्या निघतात, अनेकींना मागे दिवाही नसतो. वळसा टाळायला उलट दिशेने येणारी मोटारसायकल असते. इथे अंधार पडल्यावर हेडलाइटच्या उजेडात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा. समृद्धीवर सरळ, एकसुरी रस्त्याने डोळ्यांवर झापड येते. तिथे झोप आली की चहावर न भागवता सुविधा केंद्रावर गाडी लावून झोपावे.

निघण्याआधी टायरही बघा. त्याच्या कडेला असलेल्या कोडचे शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी जुने रबर कडक होऊन चिरते. मे महिन्यात तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर, हवा कमी असताना, असे टायर आधी फुटतात.