ओढाओढीने कुत्रा चावरा होतो?

"कुत्र्याशी दोरीची ओढाओढ खेळू नका, खेळलात तर त्याला जिंकू देऊ नका, तो चावरा होतो, डोक्यावर बसतो" हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्याला आधार नाही. इंग्लंडमध्ये १४ गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांसोबत हा खेळ वारंवार खेळून पाहिला गेला. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जिंकले काय, हरले काय, कुत्रे शिरजोर झाले नाहीत. उलट खेळानंतर ते माणसाचं जास्त ऐकत होते.

लोक घाबरतात ते गुरगुरण्याला. पण अंग सैल आहे, शेपूट हलतेय, दोरी सुटली की तोच ती परत तुमच्या हातात आणून कोंबतोय, तर ते खेळातलं गुरगुरणं. पावसाळ्यात फिरणं बंद पडून फ्लॅटमध्ये कंटाळलेल्या कुत्र्याचा हा खेळ हिरावून घेणं मला अन्यायाचं वाटतं.

'सोड' मात्र शिकवाच. दोरी मांडीशी घट्ट धरून हात स्थिर ठेवा. त्याने तोंड उघडलं की लगेच शाबासकी आणि पुन्हा खेळ. दोरी आडवी हलवा, वर झटके दिले तर मान दुखावते. दात पडत असलेल्या पिल्लाशी अगदी हलक्या हाताने. खाण्यावरून किंवा खेळण्यावरून खरोखर अंगावर येणारा कुत्रा असेल, तर आधी प्रशिक्षकाला दाखवा.