बडोद्याच्या पेट्यांपासून ‘स्वयम्’पर्यंत

घरबसल्या शिकण्याची गोष्ट सांगायची तर मी ती मोबाइलपासून सुरू करत नाही, लाकडी पेटीपासून करतो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली भागात केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. पण शाळा सुटली की पोरं अक्षर विसरत. गावात वाचायलाच काही नसे. म्हणून महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि ग्रंथालय खातं उभं राहिलं. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय आपण सगळे ओळखतो. मला मात्र त्याच खात्याच्या फिरत्या पेट्या जास्त मोलाच्या वाटतात. पुस्तकांनी भरलेली पेटी गावाला जायची, वाचून झाली की परत यायची आणि दुसरी निघायची. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी जादूचे कंदील आणि चलच्चित्रं होती. विद्यार्थी शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शिक्षणाने त्याच्या दारी जावं, हा विचार इथे शंभर वर्षांहून जुना आहे.

दुसरा धागाही बडोद्याचाच. साठच्या दशकात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र केंद्रात, म्हणजे ‘केस’मध्ये, क्रमान्वित अध्ययनावर, म्हणजे धडा छोट्या-छोट्या पायऱ्यांत शिकवण्याच्या पद्धतीवर, काम सुरू झालं. ही कल्पना अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९५४ साली मांडली होती. पानावर एक छोटी चौकट, तिच्यात दोन-तीन वाक्यं आणि एक रिकामी जागा. उत्तर शेजारी छापलेलं, पण कागदाच्या पट्टीने झाकलेलं. आधी आपण लिहायचं, मग पट्टी खाली सरकवून पडताळायचं. चुकलं तर तिथल्या तिथे कळतं आणि प्रत्येकाने आपापल्या वेगाने पुढे जायचं. आजच्या कुठल्याही कोर्समधली ‘क्विझ’ उघडून बघा, ती पट्टीच दिसेल.

पुढच्या काळात जोर आला तो पोहोचण्यावर. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर ‘साइट’ प्रयोगात उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० गावांत दूरदर्शनचे कार्यक्रम दाखवले गेले. सकाळची वेळ शाळकरी मुलांसाठी राखलेली होती. आपल्या शेजारच्या खेडा जिल्ह्यातही पीज गावच्या प्रक्षेपकावरून स्वतंत्र कार्यक्रम होत. १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा दूरदर्शनवरचा कार्यक्रम आला, २००४ मध्ये ‘एज्युसॅट’ हा शिक्षणासाठीचा उपग्रह. हे सगळं मोठं काम होतं. पण पडद्यावरचा शिक्षक बोलायचा तेव्हा समोरच्या पोराला कळलं की नाही, हे त्याला दिसत नसे.

१६ मार्च २०२० ला गुजरातमधल्या शाळा बंद झाल्या आणि हीच उणीव आमच्या दांडिया बाजारातल्या घरात येऊन बसली. सातवीतली भाची आईचा मोबाइल डब्याला टेकवून बसायची. ‘आवाज येतोय का?’ यातच पाच-सात मिनिटं जात. मग बाई पाऊण तास बोलत. अपूर्णांकांच्या भागाकारात ती दुसऱ्याच पायरीला अडकली होती. तिने माइक सुरू केला नाही आणि बाईंनाही ते कळायला मार्ग नव्हता. संध्याकाळी मी भाकरी मोडून दाखवली तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. दोष बाईंचा नव्हता. फळ्यासमोरचा तास जसाच्या तसा उचलून मोबाइलवर ठेवला होता.

मुळापासून ऑनलाइन म्हणून आखलेला अभ्यासक्रम असा नसतो. आयआयटींनी २००३ साली सुरू केलेल्या ‘एनपीटीईएल’ या ऑनलाइन व्याख्यानांच्या उपक्रमाने २०१४ पासून व्याख्यानांना आठवड्याचा स्वाध्याय आणि परीक्षा जोडली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ने, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचाने, तर चार भाग ठरवूनच दिले: व्हिडिओ, वाचनसामग्री, स्वतःची चाचणी आणि शंका विचारायला चर्चेची जागा. शेवटचे दोन नसले तर तो नुसता व्हिडिओ उरतो. शेवटची परीक्षा मात्र केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. २०२१ च्या नियमांनी विद्यापीठांना एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून मान्य करण्याची मुभा दिली. त्यामुळे कॉलेजच्या पोरांसाठी हा आता फावल्या वेळेचा उद्योग राहिलेला नाही. त्याचे गुण थेट गुणपत्रिकेत लागतात.